'जे माझे, तेच मी'? : उपभोग, अस्मिता आणि धम्मदृष्टी

मनुष्य वस्तू विकत घेतो ती केवळ गरजेपोटी नव्हे. तिच्याद्वारे तो 'मी कोण आहे' हे स्वतःला व समाजाला सांगत असतो, हा विचार ग्राहकवर्तनाच्या अभ्यासात आता रुळला आहे. त्याची प्रभावी मांडणी अमेरिकन अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ साली 'पझेशन्स अँड द एक्स्टेंडेड सेल्फ' या निबंधात केली व २०१३ साली ती संगणकीय जगापर्यंत वाढविली. पालि वाङ्मयात ज्याची चर्चा 'अत्ता' व 'उपादान' या संज्ञांनी होते, त्याच विषयाला हा निबंध भिडतो. म्हणून बौद्ध वाचकाने त्याची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

निबंधाचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. विल्यम जेम्स यांनी १८९० साली मांडलेल्या विचाराचा आधार घेऊन बेल्क दाखवितात की देह, वस्त्र, घर, कुटुंब, संपत्ती या सर्वांपर्यंत मनुष्याचा 'मी' पसरलेला असतो. वस्तू गेली की 'मी'च उणा झाल्यासारखे वाटते. हे निरीक्षण यथार्थ आहे. हा 'मी' व्यक्ती, कुटुंब, वस्ती आणि समूह अशा चार स्तरांवर वावरतो, हेही ते सांगतात. तुरुंग व लष्कर यांसारख्या संस्था माणसाच्या वस्तू काढून घेऊन त्याची ओळख पुसतात, याचीही त्यांना जाण आहे.

परंतु भारतात संपूर्ण गावच काही माणसांसाठी जन्मभराची अशी संस्था होते, हा अनुभव या सिद्धांतात कोठेच नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळाला प्रेतावरील वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडी अलंकार नेमून दिले. म्हणजे येथे वस्तू निवडून ओळख घडत नव्हती. आधी ओळख लादली जाई व मग तिला शोभेल अशी वस्तू नेमली जाई. बाबासाहेबांच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) या ग्रंथात याचे दाखले आहेत. इंदूर परिसरातील बलाई समाजाला १९२८ साली जरीकाठी पागोटी व रंगीत काठाची धोतरे वर्ज्य ठरविण्यात आली. स्त्रियांना सोन्याचांदीचे दागिने नाकारण्यात आले. अहमदाबाद जिल्ह्यातील झानू येथे १९३५ साली धातूच्या घागरींतून पाणी आणणाऱ्या स्त्रियांना मारहाण झाली. जयपूर संस्थानातील चकवारा येथे १९३६ साली अस्पृश्यांच्या पंगतीत तूप वाढले, एवढ्यावरून लाठ्या चालल्या. तूप हा तेथे खाद्यपदार्थ राहिला नव्हता; तो दर्जाचा प्रश्न झाला होता.

ही उणीव आमच्या ध्यानी आली ती ग्रंथांमुळे नव्हे. काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या प्रवचनमालेत आम्ही अल्पेच्छतेवर बोललो. प्रवचन संपल्यावर एका वृद्ध उपासिकेने विचारले, ''सर, माझ्या मायला कोरं लुगडं नेसून गावातून जाता येत नव्हतं. मी आज चांगलं नेसले, तर ती तण्हा झाली का?'' आम्ही निरुत्तर झालो. ज्यांना त्यागण्याजोगे काही ठेवूच दिले नाही, त्यांना त्यागाचा उपदेश करणे हा धम्म नव्हे, हे त्या दिवशी उमगले.

त्या प्रश्नाचे उत्तर महाडला मिळते. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि गळ्याहातांतील कथलाचांदीचे दागिने टाकून देण्यास सांगितले. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे, असेही बजावले. हा उपदेश किमतीचा नव्हता. लादलेली ओळख फेकून देण्याचा तो आदेश होता, आणि तो तण्हेच्या विरुद्ध मुळीच नाही.

मात्र येथेच थांबलो तर आपण बेल्क यांच्याच जागी येऊन पोहोचतो. 'माझे आहे म्हणून मी आहे' हे त्यांना मनुष्यस्वभावाचे वर्णन वाटते. तथागतांना ते दुःखाचे कारण दिसले. वस्तूला 'माझी' म्हणण्यात तण्हा, 'हा मी' म्हणण्यात मान आणि 'हा माझा आत्मा' म्हणण्यात दिट्ठी असते. विशेष हे की सुत्तांत केवळ 'मी श्रेष्ठ' हाच मान मानलेला नाही. 'मी समान' व 'मी हीन' हेही मानच होत. समता हा आमचा हक्क आहे, त्यात तडजोड नाही. पण शेजाऱ्याइतकी मोटार दारात उभी करून ती सिद्ध करू पाहणारे मन अजून त्या शेजाऱ्याच्याच नजरेने स्वतःकडे पाहत असते. कर्ज काढून केलेला लग्नसमारंभ आणि हप्त्यांवर आणलेली प्रतिष्ठा यांची चिकित्सा आपण याच दृष्टीने केली पाहिजे.

अनाथपिण्डिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: संपत्ती असण्याचे, ती भोगण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. पहिली दोन त्यांनी नाकारली नाहीत. मात्र चौथ्याच्या सोळाव्या अंशाचीही सर उरलेल्या तिघांना येत नाही, असे म्हटले. खरेदीच्या विवेकाला हा क्रम पुरेसा आहे. ती उपासिका आज भेटली तर आम्ही म्हणू: माय, चांगले लुगडे अवश्य नेसा, ते उधारीचे नसावे, आणि जुनेर नेसलेल्या बाईशेजारी बसताना ते आडवे येऊ नये.