रेघही तीच, रंगही तोच

पेस्टल म्हटले की बोटाने हलकेच पुसून मऊ केलेल्या कडा आणि फिकट, लाजरे रंग आठवतात. जोन मिचेलच्या १९९१ सालच्या पेस्टलचित्रांत हा लाजरेपणा औषधालाही नाही. शिकागोत १९२५ मध्ये जन्मलेली ही अमूर्त चित्रकर्ती १९६८ पासून फ्रान्समधल्या सीनकाठच्या व्हेतॉय गावी राहत होती. पेस्टल तिला नवे नव्हते. १९७५ च्या सुमारास कवी जेम्स स्कायलरच्या टंकलिखित कवितांच्या कागदांवर तिने ते वापरले होते. अखेरच्या या चित्रांत मात्र ते पूर्ण जोमाने उतरले.

प्रथम दिसतो तो निळ्या, नारिंगी, हिरव्या, पिवळ्या रेघांचा दाट गुंता. जवळ गेल्यावर तो उलगडू लागतो. रेघ सुरू होते तिथे पेस्टलची कांडी दाबलेली, म्हणून रंग भरीव. पुढे दाब ओसरतो, तसे कागदाचे खरखरीत अंग उघडे पडते. हात कुठे जोरात होता, कुठे सैलावला, हे सारे नोंदले गेले आहे. निळ्यावर नारिंगी चढते, तरी रंग मळत नाही. वरची भुकटी कागदाच्या उंचवट्यांवर बसते, खाचांतून निळे डोकावत राहते, आणि त्यांचे मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यात होते. मधूनमधून राखलेला पांढरा कागद नुसती पार्श्वभूमी नाही. गुंत्याला श्वास मिळतो तो त्याच्यामुळेच.

तैलचित्र करताना मिचेल एक फटकारा मारून मागे सरे, दुरून बराच वेळ पाही. पेस्टलमध्ये कागद हाताच्या अंतरावर असतो. वाळण्याची वाट पाहायची नसते, आणि उमटलेली खूण नीटशी पुसताही येत नाही. म्हणून ज्याला आपण गिरगोटा म्हणू, तो खरे तर निर्णयांची सलग मालिका आहे.

रेखा श्रेष्ठ की रंग, हा युरोपीय कलेतला जुना वाद. इथे रेघ कशालाच वेढत नाही, त्यामुळे आत रंग भरण्याचा प्रश्नच उरत नाही. रेघ ओढणे हेच रंगवणे होते.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९९२ मध्ये तिच्या पेस्टलचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ती गेली. छापील प्रतिमेत पेस्टलची भुकटी सपाट होते. मूळ चित्र पाहण्याचा योग आला, तर काचेच्या जमेल तितके जवळ जा आणि एकच रेघ आरंभापासून शेवटापर्यंत वाचा.