‘स्मृतिचित्रे’ आणि धर्मसेवकाचा हिशेब

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३७) धर्मसेवकाला घराच्या उंबरठ्यावरून पारखते. रेव्हरंड टिळक हाती येईल ते देऊन टाकीत. ओढाताण लक्ष्मीबाई निस्तरीत. पतीवर माया असूनही त्या काही झाकत नाहीत, हेच या ग्रंथाचे नैतिक बळ. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतनही सोडले. त्याग थोरच, परंतु त्याची झळ कोणाला, हे विचारणारे माणूस घरात होते. आम्हां कॅथलिक धर्मगुरूंना असा घरचा साक्षीदार नाही. म्हणूनच ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील १२८७ वे कलम महत्त्वाचे: भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. कळव्याच्या चाळीतून दानपेटीत पडणारी लहानशी नोटही त्यात आली. धर्मग्रामाची वही वर्षातून एकदा सर्वांसमोर उघडावी, इतके तरी लक्ष्मीबाईंच्या वाचकाने मागावे.