मैदान जगतं ते काठामुळे

कुठल्याही नव्या संकुलाची जाहिरात बघा. हिरवळ आहे, चालायला वाट आहे, खाली दुकानंही आहेत. मग संध्याकाळी तिथे शुकशुकाट का?

जेन जेकब्स यांनी १९६१ साली अमेरिकन शहरांवरच्या पुस्तकात याचं उत्तर दिलंय. बाग वस्तीला जगवत नाही, वस्ती बागेला जगवते. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामांसाठी माणसं बाहेर पडली, तरच बाग जागती राहते.

दादरचं शिवाजी पार्क घ्या. हिरवळ बेताचीच, बरंचसं मैदान मातीचं. पण भोवती कट्टा आहे. पहाटे फिरणारे, दिवसा क्रिकेटची पोरं, रात्री गप्पांचे अड्डे. समोर जुनी तीन-चार मजली घरं. गॅलरीतून हाक मारली तर खाली ऐकू येते.

जेकब्सबाई जुन्या इमारती राखायला सांगतात, कारण तिथली भाडी परवडतात. इथे मात्र त्यांचं म्हणणं अपुरं पडतं. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने कितीतरी भाडी गोठली, डागडुजी राहिली, घरं मोडकळीस आली. तेव्हा पुनर्विकास मागणाऱ्या रहिवाशाला दोष कसा द्यायचा?

दोष आराखड्याचा आहे. टॉवरचे खालचे कित्येक मजले गाड्यांना दिले, की रस्त्याला उरते भिंत, गेट आणि वॉचमन. हाक मारायला कोणी नाही, ऐकायलाही नाही.

म्हणून बिल्डरला बाग किती मोठी, एवढंच विचारू नका. रस्त्याकडच्या पहिल्या मजल्यावर माणसं राहणार की गाड्या, ते आधी विचारा.