आईचा कॅमेरा, मुलीचा प्रश्न

आईच्या हातून अपराध घडूच शकत नाही, ही समजूत आपल्याकडे स्तोत्रांपासून बोलपटांपर्यंत सर्वत्र मुरलेली आहे. पडद्यावरची आई मुलाला टाकते ती दारिद्र्याने, लोकलाजेने किंवा दैवगतीने. अखेरच्या रिळात ती त्याला कवटाळून अश्रू ढाळते, आणि प्रेक्षक हलक्या मनाने घरी परततात. या ठरीव वाटेने न जाणारी एक आई अमेरिकेतील अनुबोधपटांच्या क्षेत्रात होऊन गेली. आपण मुलीला सोडले ते विचारपूर्वक सोडले. तिला भोगाव्या लागलेल्या दुःखाबद्दल आपल्याला वाईट वाटते, परंतु त्या कृत्याबद्दल वाटत नाही, असे तिने स्वतःच काढलेल्या चित्रपटात स्वतःच्या तोंडाने सांगितले. तिचे नाव कॅमिल बिलॉप्स. या कबुलीतील धैर्य उघड आहे. तिच्या कलेचे मोल मात्र केवळ धैर्याच्या मापाने करता येणार नाही.

बिलॉप्सबाईंचा जन्म 1933 साली लॉस एंजेलिस येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईवडील एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाच्या घरी नोकरीस होते. 1956 साली त्यांना मुलगी झाली. जिच्या पित्याशी विवाह व्हावयाचा, त्याच्या नावाच्या लग्नपत्रिकाही निघालेल्या होत्या. परंतु तो गृहस्थ मूल जन्मण्यापूर्वीच नाहीसा झाला. मुलगी ख्रिस्टा चार वर्षांची असताना बाईंनी तिला दत्तकासाठी मुले घेणाऱ्या एका संस्थेत नेऊन सोडले. नाट्यशास्त्राचे गोरे प्राध्यापक जेम्स हॅच यांच्याशी त्यांचा सहवास जडला. दोघे इजिप्तमध्ये राहिली; तेथेच, कैरो शहरात, 1965 साली बाईंच्या शिल्पांचे पहिले प्रदर्शन भरले. नंतर न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेवरच्या एका प्रशस्त माडीवर या जोडप्याने बिऱ्हाड केले, आणि 1975 साली तेथेच 'हॅच-बिलॉप्स संग्रह' उभा राहिला. कृष्णवर्णीय नट, नाटककार, चित्रकार आणि गायक यांच्या मुलाखती, छायाचित्रे, हस्तलिखिते आणि नाटकांची जाहिरातपत्रके यांचा तो साठा होता. ज्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवणार नव्हते, त्यांचा इतिहास या माडीवर जमा झाला, आणि 1981 पासून निघालेल्या 'आर्टिस्ट अँड इन्फ्लुअन्स' या नियतकालिकातून त्या मुलाखती वाचकांपर्यंत पोहोचल्या.

ज्या बाईने परक्यांच्या आठवणी इतक्या निगुतीने जपल्या, तिने पोटचे मूल मात्र दुसऱ्याच्या हाती दिले, असे म्हणून टोमणा मारणे सोपे आहे. तो टोमणा तिच्या चित्रपटांपुढे टिकत नाही. कारण तो मारण्याचे काम त्या चित्रपटांनी स्वतःच, अधिक कठोरपणे, केलेले आहे.

पहिला चित्रपट 'सुझान, सुझान' 1982 साली पूर्ण झाला. तो कृष्णधवल आहे आणि त्याची लांबी सुमारे अर्ध्या तासाची. सुझान ही बाईंची भाची. हेरॉइनच्या व्यसनातून ती नुकतीच बाहेर पडत होती. व्यसनावर एक उद्बोधक अनुबोधपट, अशी या विषयाची सहज मांडणी झाली असती. परंतु प्रश्न विचारता विचारता कॅमेरा घरात शिरतो, आणि मृत पित्याच्या मारहाणीची हकीकत वर येते. सणासमारंभांच्या जुन्या घरगुती चित्रफितींत हसणारी, नीटनेटकी, समाजात मान असलेली माणसे दिसत राहतात. त्याच घरात काय चालले होते, ते वर्तमानातील आवाज सांगत राहतात. चित्र आणि ध्वनी यांची ही विसंगती हेच या चित्रपटाचे खरे निवेदन आहे. शेवटच्या सुमारास अंधाऱ्या पार्श्वभूमीवर आई आणि मुलगी एकीमागे एक उभ्या राहतात. दोघींची तोंडे आपल्याकडे आहेत. त्या एकमेकींकडे पाहत नाहीत. मुलगी विचारते, आणि आपणही मार खात होतो हे आई प्रथमच बोलून दाखविते. ही मांडणी उघडच नाटकी आहे. परंतु समोरासमोर बसवून ज्या दोघींना बोलते करता आले नसते, त्या या कृत्रिम उभे राहण्यामुळे बोलत्या झाल्या. रचलेल्या प्रसंगातून न रचलेले सत्य बाहेर पडते, ही बिलॉप्सबाईंच्या कलेची किल्ली आहे. 2016 साली हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला, तो योग्यच झाला.

बहिणीच्या घराचे दार अशा रीतीने उघडल्यावर स्वतःच्या घराचे दार बंद ठेवणे न्यायाचे झाले नसते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ख्रिस्टाने जन्मदात्या आईचा शोध घेऊन तिच्याशी संपर्क साधला. त्यातून 'फाइंडिंग ख्रिस्टा' हा सुमारे तासाभराचा चित्रपट 1991 साली तयार झाला, आणि 1992 च्या सनडान्स महोत्सवात अनुबोधपटांसाठीचे सर्वोच्च पारितोषिक त्यास विभागून मिळाले. हॅच हे सहदिग्दर्शक होते. पतीपत्नींनी आपल्या निर्मितिसंस्थेला विनोदाने 'मॉम अँड पॉप', म्हणजे 'आई-बाबा', असे नाव दिले होते. या चित्रपटाच्या संदर्भात त्या विनोदाला वेगळीच धार येते.

मला सोडून का गेलीस, हा मुलीचा एकच प्रश्न चित्रपटाच्या आरंभी येतो, आणि शेवटपर्यंत तो आपल्या मानगुटीवरून उतरत नाही. आईचे उत्तर येते. परंतु ते एकटे येत नाही. नातलग बायका एकामागून एक कॅमेऱ्यासमोर बसतात. मूल आम्ही सांभाळले असते, असे त्या सांगतात. त्यांच्या स्वरांत जुना राग आहे. मुलीला वाढविणारी आईही येते. तिच्या बोलण्यात मत्सराचा लवलेश नाही, आणि प्रेक्षकाचे मन नकळत तिच्याकडे झुकते. आपल्या विरुद्धचे साक्षीदार दिग्दर्शिकेने स्वतः गोळा केले आणि त्यांची साक्ष कापली नाही, ही गोष्ट लहान नाही. एवढ्या साक्षींत फक्त मुलीचा बाप कोठेही नाही. तो जन्मापूर्वीच निघून गेला, आणि त्याला जाब विचारण्याचे कोणालाच सुचत नाही. बाप सोडून गेला तर ती बातमी होते. आई सोडून गेली तर तो गुन्हा होतो. हा न्याय कोणत्या समाजाला परका आहे?

या साक्षींच्या मधूनमधून बाईंनी कल्पित प्रसंग, नाट्यप्रवेश आणि थट्टाही पेरली आहे. काही रसिकांना हे खटकते. इतक्या गंभीर विषयात हा खेळ कशाला, असे त्यांस वाटते. प्रस्तुत लेखकास मात्र हाच मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. मायलेकींची पहिली भेट चित्रपटापूर्वीच होऊन गेली होती. ती जणू आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे असा भास निर्माण करणे, हीच खरी लबाडी ठरली असती. आपण पाहतो ती आठवणीची मांडणी आहे, याची जाणीव हे कल्पित प्रसंग सतत देत राहतात. आणि म्हणूनच अधूनमधून एखादा चेहरा मांडणी विसरून उघडा पडतो, तेव्हा त्यावर आपला विश्वास बसतो.

तरीही एक आक्षेप नोंदविल्यावाचून राहवत नाही. या खटल्यात आरोपी, न्यायाधीश आणि निकाल लिहून घेणारा कारकून ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे आहेत. प्रश्न मुलीचा आहे; पण तो कोठे ठेवायचा, किती वेळ ऐकू द्यायचा आणि कोठे थांबवायचा, हे संकलनाच्या मेजावर आईने ठरविले. मुलीला आई सापडली ती आईच्या चित्रपटातील एक पात्र होऊन. उत्तरार्धात मीलनाकडे जो ओघ वाहतो, त्यात या विषम अधिकाराचा विसर पडतो, आणि पूर्वार्धातील कठोर सचोटी तेथे किंचित सैल होते. पडद्यावरचे ते मीलन टिकले नाही. पुढील काळात मायलेकींचे नाते पुन्हा तुटले. 2016 साली ख्रिस्टाचे निधन झाले. 2019 साली आईचे. ज्या वर्षी भाचीच्या चित्रपटाची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली, त्याच वर्षी मुलगी गेली.

ही माहिती मनात ठेवून चित्रपट पुन्हा पाहिला, तर तो खोटा वाटतो का? नाही. तो अधिक खिन्न वाटतो, आणि कदाचित अधिक खराही. ज्या प्रश्नाला शब्दांत उत्तर मिळाले, त्या प्रश्नाचे समाधान झालेच असे नाही, हे त्याच्या शेवटापेक्षा त्याची सुरुवात अधिक चांगले जाणते.

नंतरच्या कृतींत बाईंची दृष्टी घराबाहेर गेली. 1994 च्या 'द केकेके बुटीक एंट जस्ट रेडनेक्स' या चित्रपटात दान्तेच्या नरकयात्रेच्या धर्तीवर त्यांनी वर्णद्वेषाच्या पाताळाची सफर घडविली, आणि तो द्वेष केवळ अडाणी गोऱ्यांतच नसतो असे सुनावले. 2002 च्या 'अ स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' मध्ये कुटुंबातील पुरुषांच्या पिढ्यांकडे त्या वळल्या. या कृतींना त्यांचे मोल आहेच. परंतु कलावंताचे खरे मोजमाप तो स्वतःस किती सूट देतो यावरून होते, आणि त्या कसोटीवर पहिल्या दोन चित्रपटांना तोड नाही.

बिलॉप्सबाईंनी स्वतःस थोडी सूट दिली. इतरांनी दिली असती त्यापेक्षा ती पुष्कळच कमी होती. त्या थोड्या सुटीची किंमत मुलीने भरली, हे आपण विसरू नये. आणि तिचा प्रश्न आज आपल्याला ऐकू येतो तो आईने कॅमेरा चालू ठेवला म्हणूनच, हेही विसरता येत नाही.