पुरवठा साखळीतील सक्तीचे श्रम : तंत्रज्ञान कंपन्यांच्या निवेदनांची चिकित्सा

बड्या तंत्रज्ञान कंपन्या पुरवठा साखळीतील सक्तीच्या श्रमांविषयी दरवर्षी निवेदने प्रसिद्ध करतात. कॅलिफोर्नियाच्या २०१० च्या आणि ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यांमुळे हा प्रघात रूढ झाला. ब्रिटनच्या कायद्यानुसार ‘आम्ही कोणतीही उपाययोजना केलेली नाही’ असे लिहूनही कंपनीला निवेदनाची अट पूर्ण करता येते, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या निवेदनांचा एक लेखनप्रकार म्हणून विचार केला आहे. त्यांत दोष नेहमी पुरवठादाराकडे आढळतो. तो शोधणारी आणि दूर करणारी मात्र कंपनी असते. माल किती दराने व किती दिवसांत द्यावा हे ठरविणारी कंपनी या कथनात कर्ता म्हणून कोठेच अवतरत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या करारानुसार, शिक्षेच्या धाकाने करवून घेतलेले आणि स्वेच्छेने न केलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम. हा धाक दंडुक्याचाच असतो असे नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड कामगारांच्या प्रकरणात राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ चा अर्थ लावताना आर्थिक परिस्थितीची अपरिहार्यता हीही सक्तीच होय, असे मानले. कंपन्यांच्या निवेदनांतील व्याख्या इतकी दूरवर क्वचितच जाते.

मलेशियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातील ५०१ कामगारांच्या मुलाखतींवर आधारित ‘व्हेरिते’ या संस्थेचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २८ टक्के कामगार सक्तीच्या श्रमांच्या स्थितीत आढळले; परदेशी कामगारांपैकी ९४ टक्क्यांचे पारपत्र त्यांच्या स्वतःच्या ताब्यात नव्हते. या सक्तीचे मूळ भरतीशुल्कात आहे. आपल्याकडील ऊसतोडणी कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत बांधला जातो. नेपाळ वा बांगलादेशातून मलेशियात जाणारा कामगार दलालालाच पैसे देतो व त्यासाठी कर्ज काढतो. पैशाची दिशा उलटी, गाठ तीच. ही गाठ कारखान्याच्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वीच, दुसऱ्या देशात, बहुधा पावतीशिवाय बांधली जाते. कारखान्यातील हजेरीपट व वेतनपत्रके तपासणाऱ्याला ती दिसावी कशी?

ॲपलने २००८ पासून जादा शुल्क कामगारांना परत करण्याची अट पुरवठादारांवर घातली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पैसा प्रत्यक्ष कामगाराच्या हाती पडणारा असा उपाय या क्षेत्रात विरळा. तथापि एका महिन्याच्या निव्वळ वेतनाइतके शुल्क कामगाराकडून घेण्यास तिची अनुमती होती. ती २०१५ मध्ये संपुष्टात आली. सात वर्षे चाललेल्या या अनुमतीचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करावयाचे, हा प्रश्न उरतोच. शिवाय परतफेडीचा भार पुरवठादारावर टाकला जातो. ती रक्कम मूळ खरेदीदरात कधी धरली होती काय, याविषयी निवेदने मौन पाळतात. (महाविद्यालयासाठी संगणक घेताना न्यूनतम दराची निविदा स्वीकारणारे आपणही हा प्रश्न विचारत नाही.)

चीनमधील उइगूर कामगारांच्या बाबतीत या लेखनाची मर्यादा अधिक उघड होते. ऑस्ट्रेलियातील एका संशोधन संस्थेच्या मार्च २०२० च्या अहवालात, शिनजियांगमधून इतर प्रांतांतील कारखान्यांत पाठविलेल्या कामगारांचा संबंध ८३ नामांकित कंपन्यांशी जोडण्यात आला. आपल्या उत्पादनांच्या जुळणीरांगांवर सक्तीच्या श्रमांचा पुरावा आढळला नाही, असे ॲपलने त्याच वर्षी सांगितले. येथे दोन शब्द तपासून पाहावे लागतात. ‘जुळणीरांग’ म्हटले की त्याच कारखान्यातील इतर विभाग आणि सुटे भाग पुरविणारे कक्षेबाहेर राहतात. आणि ‘आढळला नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. कामगाराला निर्भयपणे बोलताच येत नसेल तर पुरावा आढळण्याचा मार्गच बंद असतो. शिनजियांगमध्ये तपासणीचे काम करणार नाही, असे काही तपासणी संस्थांनी २०२० मध्येच जाहीर केले होते.

जून २०२२ पासून अंमलात आलेल्या अमेरिकी कायद्याने हा भार उलटविला. शिनजियांगशी संबंधित माल सक्तीच्या श्रमांतून निर्माण झाला असेच गृहीत धरले जाते. तसे नसल्याचे आयातदाराने सिद्ध करावयाचे. ‘आढळला नाही’ हे उत्तर तेथे पुरत नाही. मात्र हा कायदा मालाला अडवितो. ज्याच्या हातून तो माल घडला, त्या कामगाराच्या थकलेल्या मजुरीबद्दल त्यात तरतूद नाही, आणि अडविलेला माल आयातदाराला अन्य देशांत पाठविता येतो.