मार्गदर्शकाची निवड आणि दोन विभागांमधला विद्यार्थी

पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडायचा कसा, हा प्रश्न आपल्याकडे खासगी समजला जातो. ज्याच्याकडे जागा रिकामी त्याच्या दारात उभे राहायचे, सही मिळवायची आणि मोकळे व्हायचे, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. माझ्या मते हा ज्ञानव्यवहारातील सत्तेचा प्रश्न आहे. ज्याचा विषय एका विभागात मावत नाही, त्या विद्यार्थ्याला ही सत्ता पहिल्याच दिवशी भेटते.

आणि आपले विषय एका विभागात मावतात कुठे? आंबेडकरी जलशांवर काम करू पाहणारा विद्यार्थी घ्या. भीमराव कर्डकांचा जलसा हे नाट्य आहे, गाणे आहे, चळवळीच्या प्रचाराचे साधन आहे आणि तमाशाच्या परंपरेशी मांडलेले भांडणही आहे. मराठी विभाग म्हणतो, हे समाजशास्त्र. समाजशास्त्र म्हणते, हे वाङ्मय, यात सर्वेक्षण कुठे आहे? संगीत विभागाच्या पायऱ्या तर तो चढतच नाही. अखेर विषयाचे हातपाय तोडून ‘जलशांतील भाषाविशेष’ असा निरुपद्रवी प्रबंध तयार होतो. त्यावर नाव विद्यार्थ्याचे असते. प्रश्न मात्र त्याचा उरलेला नसतो.

या बाबतीत बाबासाहेबांच्या शिक्षणाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. पदव्यांची यादी आपल्याला पाठ आहे. त्या मिळवताना त्यांनी शिक्षकांशी कोणते नाते ठेवले, हे आपण पाहत नाही. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, शिक्षक सेलिग्मन. पण जातीच्या उत्पत्तीवरचा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. त्या निबंधाची बांधणी पाहा. जातीअंतर्गत विवाह टिकवायचा तर विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समसमान राहिली पाहिजे. नवरा मेला की स्त्री ‘अधिक’ होते, बायको मेली की पुरुष. या अधिक उरलेल्या माणसांचे काय करायचे, यातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा ते करतात. मला हा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा वाटतो. सेनार, रिस्ले, केतकर यांच्या मतांना तिथे त्यांनी जे आव्हान दिले, ते दुसऱ्या शास्त्राच्या दारातून आत येऊन दिले. सेलिग्मननी आपल्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या कुंपणात डांबून ठेवले असते, तर हा निबंध कदाचित झालाच नसता.

दुसरे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते. लंडनला एडविन कॅनन यांच्या हाताखाली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. त्यात सुवर्ण विनिमय पद्धतीवर टीका होती आणि त्या पद्धतीचे समर्थक केन्स यांचा प्रतिवाद होता. १९२३ साली ग्रंथ निघाला तेव्हा कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तिच्यात त्यांनी साफ सांगितले की, या पद्धतीला लेखकाचा जो विरोध आहे तो मला मान्य नाही, त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. तरी त्याच्या विचारांत ताजेपणा आहे. मतभेद राखून विद्यार्थ्याच्या ग्रंथाला आपले नाव देणारा मार्गदर्शक! आपल्याकडे असे किती सापडतील?

‘आपल्या विचारांचा माणूस शोध’, असा सल्ला चळवळीतली मंडळी मुलांना देतात. त्यामागची भीती खोटी नाही. तोंडी परीक्षेत, सहीच्या टेबलावर जात कशी बोलते हे आपण जाणतो. पण आपल्या विचारांचा गाइड मिळाला म्हणजे काम झाले, हे मला मान्य नाही. बाबासाहेबांच्या नावावर चुकीचा पुरावाही चालवून घेणारा गाइड विद्यार्थ्याचे नुकसानच करतो. शिवाय अशा मोजक्या प्राध्यापकांवर सगळ्यांचा भार पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. आठ जागांच्या दारात गर्दी केवढी!

त्याच नियमावलीत दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेण्याची सोय आहे. ही गोष्ट विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. विद्यार्थ्याने हा हक्क वापरावा. त्याआधी प्राध्यापकाच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध ग्रंथालयात बसून वाचावेत. सगळ्यांचे निष्कर्ष गाइडच्याच पुस्तकातले असतील तर तिथून उठावे. मौखिक साक्ष, जलशांच्या वह्या, वस्तीतल्या बाईने सांगितलेले गाणे यांना तो पुरावा मानतो की ‘परिशिष्टात टाका’ म्हणतो, हे पहिल्याच भेटीत विचारावे. प्रश्न उद्धट वाटला तरी विचारावा. फेलोशिपच्या कागदावर सही याच माणसाची लागणार आहे आणि त्या पैशावर मागे एक घर चालत असते.

सहमार्गदर्शकाचे नाव मात्र अर्जावर सुरुवातीलाच लिहून मंजूर करून घ्यावे. ‘नंतर बघू’ या तोंडी आश्वासनावर तीन-तीन वर्षे लोंबकळलेली मुले मी पाहिली आहेत.