अविश्वासाचें व्याकरण

शालेय व्याकरणांत केवलप्रयोगी अव्ययांचे हर्ष, शोक, आश्चर्य, प्रशंसा, संमति, विरोध, तिरस्कार असे वर्ग पाडलेले असतात. त्यांत अविश्वासाला स्वतंत्र खण नाहीं. यावरून मराठी माणूस भोळा ठरत नाहीं. त्याचा अविश्वास एका उद्गारांत मावत नाहीं, एवढेंच. चीनमधील कँटनी बोलींत विधानाच्या शेवटीं उंच स्वरांत 'मे' जोडला कीं त्याचा अविश्वासाचा प्रश्न होतो. आमचा 'म्हणे' त्याचा दूरचा सोयरा. पण तो ऐकीव गोष्टीची जबाबदारी झटकतो, गोष्ट खोटी आहे असें म्हणत नाहीं.

खरी करामत भूतकाळाची आहे. पाम, बोईसर, तारापूर या पट्ट्यांत पूर्वीं कोणी 'पालघर जिल्हा होणार म्हणे' असें बोलावें आणि दुसऱ्यानें 'झाला जिल्हा!' म्हणून त्याला गप्प करावें. व्याकरणाप्रमाणें क्रिया पूर्ण झाली. ऐकणाऱ्याला मात्र कळे कीं ती कधींच व्हावयाची नाहीं. पुढें १ ऑगस्ट २०१४ रोजीं जिल्हा खरोखरच झाला, आणि तेंच वाक्य, केवळ हेल बदलून, साधी बातमी बनलें!

शिवाय आमच्या अविश्वासाला नातें लागतें. मित्राला 'हट्, थापा नको मारूंस' म्हणतां येतें. वडील माणसापुढें 'असेल बुवा' इतकेंच. 'आज लवकर येतों' म्हणणाऱ्या पतीला गृहिणी 'येतां कसले!' एवढेंच ऐकवते, आणि स्वयंपाकाला लागते.

असें असतां अलीकडच्या कादंबऱ्यांत आणि भाषांतरित चित्रपटांत बाप, मित्र, मोलकरीण सारींच 'माझा यावर विश्वास बसत नाहीं' असें एका सुरांत बोलतात. वाक्य अशुद्ध नाहीं. पण तें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत शोभेल, माजघरांत नाहीं. परक्या कथानकाची सबब येथें चालणार नाहीं. देवलांच्या 'संशयकल्लोळा'चें कथानक मोलिएरचें, मर्फी या आयरिश नाटककारामार्फत आलेलें. तरी फाल्गुनराव संशय घेऊं लागला कीं तो आपल्याच आळींतला गृहस्थ वाटतो. अर्थात् देवलांची वाक्यें नटाच्या तोंडीं जावयाचीं होतीं, हेल तो पुरवी. कादंबरीकाराच्या हातीं एक उद्गारचिन्ह, आणि तेंही हल्लीं फार स्वस्त झालें आहे.